कागजीपुऱ्याच्या हातकागदाची ग्रीटिंग कार्डं: ताव निवडण्यापासून टपालापर्यंत

वेरूळला जाताना दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा लागतो. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले असं मानलं जातं. गावाचं नाव त्यांच्या धंद्यावरूनच पडलं. चिंध्यांचा लगदा करायचा, तो जाळीच्या साच्यावर हाताने उचलायचा आणि तावतावाने वाळवायचा, ही इथल्या कागदाची ओळख. घरी ग्रीटिंग कार्डं करणाऱ्या कुणीही हा ताव हातात घेतला की मोह पडतोच. त्याची कड कच्ची, पोत जिवंत आणि रंग डोळ्यांना न खुपणारे असतात.

आमचं मत आधीच सांगतो. कार्डाच्या बाहेरच्या अंगासाठी हा कागद घ्यावाच. आतला मजकूर लिहायला मात्र तो घेऊ नये, आणि कार्ड जोडायला शक्यतो डिंक वापरू नये. बाहेर हातकागद, आत साधा गुळगुळीत कागद आणि दोन्हींना घडीवर बांधणारा दोऱ्याचा टाका, अशी रचना केली तर या कागदाबद्दलच्या बहुतेक तक्रारी उरत नाहीत. तो चार्ट पेपरसारखा वापरला की घडी फुटते, शाई पसरते आणि चिकटवलेलं कार्ड धनुष्यासारखं वाकतं. यात कागदाला दोष देण्यासारखं काही नाही, त्याचा स्वभाव वेगळा आहे एवढंच.

ताव निवडताना सगळ्यात आधी वजन पाहा. हातकागदाचा ताव बहुधा २२ × ३० इंचांचा, म्हणजे साधारण ५६ × ७६ सेंटिमीटरचा असतो. विक्रेता जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, सांगतो, पण हाताने उचललेल्या कागदात तावागणिक फरक पडतोच, त्यामुळे स्वतः मोजलेलं बरं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याला पुरतो. पूर्ण तावाचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि २.३५ ने गुणा. ताव ८५ ग्रॅम भरला तर कागद २०० जीएसएमचा, ६४ ग्रॅम भरला तर १५० चा. एका घडीच्या कार्डाला १५० ते २०० जीएसएम सर्वांत चांगला. ८० ते १२० चा कागद पाकिटाला वापरावा. २५० च्या वरचा ताव हातात भारदस्त वाटतो आणि नवखे लोक हटकून तोच उचलतात, पण तो घडीला त्रास देतो. बिनघडीच्या, पोस्टकार्डासारख्या सपाट कार्डाला मात्र तो छान.

दुसरी गोष्ट तंतूंची. ‘हातकागद’ या एकाच नावाखाली दोन फार वेगळे कागद विकले जातात. एक सुती चिंध्यांचा, लांब तंतूंचा. दुसरा रद्दी कागदाचा पुन्हा लगदा करून केलेला, तोही हातानेच उचललेला, पण आखूड तंतूंचा. दिसायला दोन्ही सारखेच. फरक पाहायचा तर कोपऱ्याचा बोटभर तुकडा मागून घ्या आणि फाडा. सुती कागदाच्या फाटलेल्या कडेला केसांसारखे लांब तंतू दिसतात आणि फाडताना जोर लागतो. रद्दीचा कागद भाकरीसारखा मोडतो. मग तुकड्याला एकाच रेघेवर पुढे-मागे दहा वेळा घडी घाला. सुती तुकडा टिकतो. रद्दीचा तिसऱ्या-चौथ्या घडीला पांढरा पडतो आणि सुटायला लागतो. ग्रीटिंग कार्ड वर्षानुवर्षं उघडलं-मिटलं जावं अशी इच्छा असेल तर या तपासणीत उतरलेलाच कागद घ्या, मग दुसऱ्याचा रंग कितीही आवडो.

ताव उन्हासमोर धरूनही पाहावा. ढगांसारखे दाट-विरळ पट्टे दिसले तर तिथे घडी एकसारखी बसणार नाही. थोडे ढग असणारच, ती हाताची खूण आहे. पण तावाच्या मधोमध विरळ भाग आणि कडांना जाड, असं असेल तर तो ताव छोट्या तुकड्यांसाठी ठेवावा. रंगीत तावांची आणखी एक परीक्षा आहे. पांढरा सुती कपडा ओला करून कोपऱ्यावर तीन-चारदा घासा. गडद मरून आणि निळ्या तावांचा रंग अनेकदा कपड्याला लागतो. असं कार्ड पावसाळ्यात पाठवलं तर पाकिटाला आणि आतल्या पानाला डाग पडतील. एका प्रसंगासाठी पन्नास-साठ कार्डं करायची असतील तर सगळे ताव एकाच वेळी, एकाच लगद्याचे घ्या. पुढच्या खेपेला तीच छटा मिळत नाही.

पाकळ्या किंवा गवत घातलेले ताव सगळ्यांना आवडतात. ते मुखपृष्ठाला घ्या, पण ज्या जागी नाव किंवा चित्र काढायचं तिथे पाकळी नको. पाकळीच्या जागी उंचवटा असतो, निब अडकतं, आणि काही महिन्यांत पाकळी तपकिरी होते.

आता कापणं. खरं तर हा कागद कापू नये, फाडावा. कात्रीने कापलेली सरळ कड आणि हातकागदाची मूळ कच्ची कड एकाच कार्डावर शेजारी आल्या की कार्ड अर्धवट दिसतं. पूर्ण ताव आधी अर्धा, मग पुन्हा अर्धा असा दोन्ही दिशांना चारचार भागांत केला तर १४ × १९ सेंटिमीटरचे १६ तुकडे होतात. वाया काहीच जात नाही. तुकडा मिटला की ९.५ × १४ चं कार्ड होतं आणि ते बाजारातल्या सी६ पाकिटात, म्हणजे ११.४ × १६.२ सेंटिमीटरच्या पाकिटात, आरामात बसतं. फाडण्यासाठी स्टीलची पट्टी लावून घडी घाला, घडी उलट बाजूने पुन्हा घाला, मग पाण्यात बुडवून निथळलेला बारीक ब्रश त्या रेघेवरून दोनदा फिरवा. मिनिटभर थांबा. नंतर दोन्ही बाजूंना तळहात टेकवून सावकाश, बाहेरच्या दिशेने ओढा. घाई केली की फाटण्याची रेघ विरळ भागाकडे पळते. ओल्या कडा बोटांनी सारख्या करून सावलीत सुकू द्या.

घडीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त कार्डं इथेच बिघडतात. यंत्रावरच्या कागदात तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. आयव्हरी कार्ड, म्हणजे बाजारातलं जाड गुळगुळीत यंत्रकार्ड, त्या दिशेला समांतर दुमडलं तर घडी सुबक येते, आडवं दुमडलं तर फुटते. हातकागदात साचा दोन्हीकडे हलवलेला असल्याने अशी ठळक दिशा नसते. म्हणजे घडी कोणत्याही बाजूने घाला, पण आधी रेघ दाबून घेतलीच पाहिजे. त्यासाठी संपलेलं बॉलपेन किंवा क्रोशाची बोथट सुई चालते. खाली आठ-दहा वर्तमानपत्रांची गादी घ्या आणि पट्टीच्या कडेने हलक्या हाताने तीनदा रेघ ओढा. एकदाच जोरात ओढली तर वरचे तंतू तुटतात आणि घडी तिथेच फाटते. रेघ दाबली की एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत जायला हवा, खाच बाहेर राहायला हवी. बहुतेक जण हे उलटं करतात, कारण खाचेकडे दुमडणं हाताला सोपं वाटतं. त्याने बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात आणि घडी केसाळ होते. कागद १८० जीएसएमच्या वर असेल तर रेघ दाबण्याआधी तिच्यावरून ओलसर ब्रश एकदा फिरवावा. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या कोरड्या उष्णतेत हे कागद कितीही पातळ असला तरी करावं, कारण त्या दिवसांत तंतूंतला ओलावाच निघून गेलेला असतो. दुमडलेली कार्डं पाच-पाचच्या थप्पीत, जाड पुस्तकाखाली एक रात्र ठेवा.

शाईचा प्रश्न खळीचा आहे. लगद्यात किंवा वाळलेल्या तावावर खळ नसेल तर कागद टिपकागदासारखा वागतो. तपासायला पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत जिरला तर शाई फुटणारच. मिनिटभर तसाच उभा राहिला तर जेल पेन आणि बोरू दोन्ही चालतील. जुन्या मोडी कागदपत्रांतलं बोरूचं अक्षर इतकं स्वच्छ दिसतं त्याचं कारण हेच. आपल्याकडे जुन्या पद्धतीत वाळलेल्या तावाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत असत. घरी हेच छोट्या प्रमाणात करता येतं. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात २ ग्रॅम जिलेटीन विरघळवून रुंद मऊ ब्रशने एक पातळ हात द्यावा, ताव दोरीवर चिमट्यांनी टांगून सावलीत वाळवावा, मग स्टीलच्या चमच्याची पाठ किंवा मोठी कवडी घेऊन गोलगोल घोटावं. ज्यांना जिलेटीन चालत नाही त्यांनी साबुदाण्याची अगदी पातळ, गाळलेली खळ वापरावी. मात्र खळ दाट झाली तर कागद कडक होतो, घडीला चिरतो आणि कसरही लागते. घोटताना कागद पूर्ण कोरडा हवा, ओलसर असेल तर सालं निघतात.

हे सगळं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं असेल तरच करावं. चार ओळींचा मजकूर आतल्या वेगळ्या कागदावर लिहिणं केव्हाही सोयीचं. आतलं पान ९० ते १०० जीएसएमचा चांगला गुळगुळीत कागद घ्या. १४ × १९ च्या कार्डाला ते १३.४ × १८.४ सेंटिमीटरचं कापा, म्हणजे मिटल्यावर तीन बाजूंना ३ मिलिमीटर हातकागद डोकावतो. कापताना पानाची तंतूंची दिशा घडीला समांतर ठेवा. ती ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेच्या घडीला तो कमी विरोध करतो, ती तंतूंची दिशा.

टाका असा. आतलं पान कार्डात बसवून दोन्ही उघडी ठेवा. घडीवर तीन भोकं करा, एक बरोबर मध्ये ७ सेंटिमीटरवर आणि बाकीची दोन वरच्या-खालच्या टोकांपासून अडीच सेंटिमीटर आत. सुई आधी मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, ५ सेंटिमीटर शेपूट आत ठेवा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. शेवटी बाहेरून मधल्या भोकातून परत आत. आता दोन्ही शेपटं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना असायला हवीत. ती त्या टाक्यावरून घट्ट गाठ मारून १ सेंटिमीटरवर कापा. एकूण ४० सेंटिमीटर दोरा पुरतो. साधा सुती दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेतला तर गुंतत नाही. गाठ आवळताना दोरा घडीच्या दिशेने ओढा. वर ओढला तर पातळ पान भोकापासून चिरतं. गाठ बाहेर हवी असेल तर सुरुवात बाहेरून करा. पैठणीच्या पदरातला निघालेला रेशमी धागा त्यासाठी फार शोभतो.

डिंक इतका का टाळायचा? पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. हातकागद ते चटकन शोषतो, फुगतो आणि वाळताना आकसतो. वर चिकटवलेला यंत्रकागद तितका आकसत नाही, म्हणून कार्ड वाकतं. उन्हाळ्यात पंख्याखाली वाळवलं तर हे अधिकच. चिकटवणं भागच असेल तर पूर्ण पृष्ठावर न लावता वरच्या कडेला ५ मिलिमीटरची एक पट्टी लावा, बाकी भाग मोकळा सोडा, आणि वाळेपर्यंत बटर पेपरमध्ये घालून वजनाखाली ठेवा. दुहेरी चिकटपट्टी खडबडीत पोताला धड धरत नाही. हिमरू कापडाचा किंवा पैठणीचा तुकडा लावायचा असेल तर कापड आधी पातळ कागदावर विरळ केलेल्या फेविकॉलने चिकटवून पूर्ण वाळवा, मगच आकार कापा. नाहीतर कडेचे धागे सुटत राहतात.

दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचं पान लावण्याची हौस अनेकांना असते, आणि हातकागदावर ते खरोखर देखणं दिसतं. पण दसरा पावसाळ्याच्या शेपटाला येतो, त्यामुळे ताजं पान लावलं की त्यातला ओलावा कागदात उतरतो, डाग पडतो आणि बुरशीही धरते. पानं निदान १५ दिवस आधी तोडा. दव सुकल्यावर, दुपारच्या आधी तोडलेली बरी. वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना न लागतील अशी मांडून वर वजन ठेवा, आणि दुसऱ्या व चौथ्या दिवशी कागद बदला. पान वाळल्यावर ते डिंकाने चिकटवू नका. देठावरून दोन छोटे टाके घाला, तेवढ्याने धरतं. फुलांत बोगनवेलीचं रंगीत पान सर्वांत विश्वासाचं, कारण ते मुळातच कागदासारखं पातळ असतं आणि वाळूनही रंग बऱ्यापैकी टिकवतं. झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून वाळवा, अख्खं फूल सडतं. पळसाचं फूल मांसल असतं, वाळून काळवंडतं; ते नकोच.

काही कामं अशी आहेत ज्यांना हा कागद घेऊच नये. बारीक जाळीचं कातरकाम केलं तर लांब तंतू पात्याला अडकून कड पिंजते. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या, ३ मिलिमीटर पट्ट्याही नीट गुंडाळल्या जात नाहीत. उघडताच उभी राहणारी चित्रं करायची तर घडी अचूक लागते, आणि जाडी बदलती असल्याने ती इथे मिळत नाही. या सगळ्याला २५० ते ३०० जीएसएमचं आयव्हरी कार्ड किंवा क्विलिंगसाठी १०० ते १२० जीएसएमचा यंत्रकागद घ्यावा. संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारात तो सहज मिळतो आणि स्वस्तही पडतो. हातकागद घरच्या प्रिंटरमध्ये घालण्याचा प्रयोगही करू नये. सुटलेले तंतू आणि भुगा आत अडकतो, जाड ताव रोलरमध्ये फसतो. छापायचंच असेल तर लग्नपत्रिका करणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे न्या, तिथे हा कागद शाई सुंदर घेतो. लाकडी ठसा वापरणार असाल तर खाली मऊ गादी घ्या आणि ठसा सगळीकडून सारखा दाबा, नाहीतर खळग्यांत शाई पोचत नाही.

ताव आणताना गुंडाळी करायची असेल तर ती निदान १० सेंटिमीटर व्यासाची हवी. त्याहून घट्ट गुंडाळलेला जाड ताव घरी आल्यावर सरळ व्हायला दिवस लागतात. दुचाकीवर न्यायचं असेल तर तिथेच चार तुकडे करून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधावेत. घरी आडवे ठेवा, स्वच्छ सुती कापडात. जुन्या पोथ्यांत ठेवायचे तशी कडुलिंबाची वाळलेली पानं घडीत ठेवली तर कसरीला थोडा आळा बसतो, पण पानं पूर्ण वाळलेली हवीत. विकत घेताना खळ कशाची आहे हेही विचारा. तुरटी-राळेची असेल तर कागदात आम्ल राहतं आणि वर्षांनी तो पिवळा, ठिसूळ होतो. जन्माच्या किंवा लग्नाच्या आठवणीसाठी करायच्या कार्डाला तो नको.

टपालाचं गणितही या रचनेला सोयीचं आहे. १४ × १९ चा २०० जीएसएमचा तुकडा सव्वापाच ग्रॅम भरतो, आतलं पान सव्वादोन ग्रॅम, पाकीट चार-पाच ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून साडेबारा ग्रॅमच्या आसपास. पत्राचं वजन २० ग्रॅमच्या टप्प्याने मोजलं जातं, त्यामुळे सजावटीला सात ग्रॅम उरतात. मणी, टिकल्या, बटणं मात्र टपालाच्या ठप्प्याखाली येतात आणि पाकीट आतून फाडतात. संक्रांतीच्या कार्डात तिळगूळ घालून पाठवण्याची पद्धत आहे. त्यासाठी लाडू किंवा वडीचा तुकडा नको, त्याचं तेल हातकागदात एका दिवसात उतरतं आणि तो डाग जात नाही. साखरेच्या काट्याचा हलवा घ्या, पाच-सहा दाणे बटर पेपरच्या पुडीत घाला आणि पुडी कार्डाच्या आत न ठेवता पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात, तिकिटापासून लांब ठेवा. ठप्पा तिकिटावर पडतो, कोपऱ्यातला हलवा वाचतो.